पाणीवाल्याचा पगार थकला की अंदाजपत्रक उघडून बघा : ग्रामपंचायतीच्या पैशाबाबत या चुका टाळा

मी ग्रामपंचायतीत सदस्य असताना एका मार्चअखेरीला गावात चार दिवस पाणी आलं नाही. विहिरीत पाणी होतं, मोटार चालू होती, वीजही होती. पाणी सोडणाऱ्या माणसाचा चार महिन्यांचा पगार थकला होता. तो माझ्या ओट्यावर येऊन बसला आणि म्हणाला, "दादा, मला गावाला तहानेलं ठेवायचं नाही. पण किराणावाला आता उधार देईना. मी दुसऱ्याच्या रानात रोजानं जातोय." त्याच वेळी वित्त आयोगाकडून, म्हणजे केंद्राच्या अनुदानातून, आलेले काही लाख रुपये पंचायतीच्या खात्यावर पडून होते. आम्हाला त्यातला एक रुपयाही त्याला देता येत नव्हता, कारण तो पैसा पगाराला वापरायचाच नाही असा नियम आहे.

त्या रात्री मी पहिल्यांदा गावाचं अंदाजपत्रक, म्हणजे नमुना १, नीट वाचलं. तोवर जानेवारीच्या मासिक सभेत मी त्यावर मुकाट्यानं सही करत आलो होतो. पुढे जे कळत गेलं ते इथे मांडतो. महाराष्ट्रात सुमारे २८ हजार ग्रामपंचायती आहेत आणि मी पाहिल्या त्या बहुतेक ठिकाणी चुका याच होत्या.

मागणी म्हणजे उत्पन्न नव्हे

सगळ्यात मोठी चूक जमेच्या पहिल्याच ओळीत असते. हिशेबासाठी एक गाव धरू. चारशे घरं, घरामागे सरासरी ९०० रुपये घरपट्टी. चालू वर्षाची मागणी, म्हणजे लोकांकडून येणं असलेली पट्टी, झाली ३ लाख ६० हजार. मागची थकबाकी २ लाख ८० हजार. अंदाजपत्रकात घरपट्टीपुढे सरळ ६ लाख ४० हजार लिहिले जातात आणि तेवढ्याच रकमेचा खर्च खाली मांडला जातो. कागदावर जमा-खर्च जुळतो. पण गेल्या तीन वर्षांत प्रत्यक्ष वसूल किती झाले? २ लाख १० हजार, २ लाख ४० हजार, २ लाख २५ हजार. म्हणजे वर्षाला सव्वादोन लाख येणार हे सगळ्यांना ठाऊक असतं, आणि तरी खर्च साडेसहा लाखांचा मंजूर होतो. नोव्हेंबरात पैसे संपतात. मग आधी पगार थांबतो, कारण पाणीवाला आणि सफाई कर्मचारी ही गावातलीच माणसं असतात, ती लगेच भांडत नाहीत.

उपाय सोपा आहे. मागणी नमुना ९ मध्ये असते आणि वसुलीच्या पावत्या नमुना १० च्या असतात. मागच्या तीन वर्षांची प्रत्यक्ष वसुली मागवा आणि तिची सरासरीच जमेला धरा. जास्त वसूल झालं तर वर्षाच्या मध्ये पुरवणी अंदाजपत्रक करता येतं. सभेत हे सुचवलं की कुणीतरी हमखास म्हणतं, "कमी आकडा दाखवला तर वसुलीला जोर राहणार नाही." वसुलीचं उद्दिष्ट वेगळं ठेवा, ते कितीही मोठं असू द्या. खर्च मात्र येणाऱ्या पैशाच्या आत बसवा.

घरपट्टी वाढवायची नाही, म्हणून नोंदीच करायच्या नाहीत

घरपट्टीची आकारणी आता भांडवली मूल्यावर होते. ३१ डिसेंबर २०१५ ला कर व फी नियमांत तशी दुरुस्ती झाली. जागेचं क्षेत्रफळ आणि तिचा दर, बांधकामाचं क्षेत्रफळ, त्याचा प्रकार आणि वय, शिवाय घराचा वापर राहण्यासाठी की दुकानासाठी, यावरून मूल्य निघतं. त्यावर नियमांनी दिलेल्या किमान आणि कमाल मर्यादेत पंचायत दर ठरवते. दर चार वर्षांनी फेरआकारणी करायची असते.

ही फेरआकारणी निवडणुकीच्या आगेमागे आली की हमखास पुढे ढकलली जाते. त्यातून होणारा अन्याय कुणाच्या लक्षात येत नाही. ज्यानं मातीचं घर पाडून दोन मजली स्लॅबचं बांधलं, खाली दोन गाळे काढले, त्याच्या नमुना ८ वर, म्हणजे घरांच्या कर आकारणीच्या नोंदीत, अजून "माती-विटांचे घर" असतं. आणि जिचं घर खरंच मातीचं आहे ती विधवा बाईही तेवढीच पट्टी भरत राहते. दर न वाढवताही पंचायतीचं उत्पन्न वाढू शकतं, फक्त गावातली बांधकामं आहेत तशी नोंदवली तर. आमच्याकडे मोजणीला शाळेतल्या दोन माजी विद्यार्थ्यांना टेप देऊन ग्रामसेवकांबरोबर पाठवलं होतं. तीन आठवड्यांत काम झालं.

(ग्रामसेवक या पदाचं नाव २०२४ च्या निर्णयानुसार ग्रामपंचायत अधिकारी झालं आहे. गावात अजून सगळे ग्रामसेवक भाऊसाहेबच म्हणतात, म्हणून मीही तोच शब्द ठेवतो.)

गावकऱ्यांची चूकही इथेच होते. आकारणीची यादी प्रसिद्ध झाली की हरकतीसाठी मुदत असते. त्या मुदतीत लेखी हरकत कुणी देत नाही आणि बिल हातात आल्यावर पारावर भांडण होतं. तोंडी रागाची नोंद कुठेच राहत नाही. साध्या कागदावर घराचा क्रमांक, चुकलेलं क्षेत्रफळ आणि खरं क्षेत्रफळ लिहा, पंचायतीत द्या, पोच घ्या.

आणखी एक. नमुना ८ चा उतारा म्हणजे मालकीचा पुरावा, असं अनेक जण धरून चालतात. तो कर कुणाकडून घ्यायचा याची नोंद आहे. भावाभावांत वाद असेल तर केवळ त्याच्या भरवशावर राहू नका.

पाणीपट्टी अंदाजानं ठरवणं

इथे मी जरा जास्त थांबतो, कारण गावाचा पैसा सगळ्यात जास्त इथेच झिरपतो.

आपल्या त्याच गावात तीनशे नळजोडण्या धरू. वर्षाचं वीजबिल २ लाख ४० हजार. पाणी सोडणाऱ्याचे महिना आठ हजारांप्रमाणे ९६ हजार. पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर, पाइप, व्हॉल्व्ह, मोटारीचं रिवाइंडिंग मिळून ६० हजार. एकूण ३ लाख ९६ हजार. तीनशे जोडण्यांनी भागलं की १,३२० रुपये येतात, म्हणजे महिन्याला ११०. आता गावात पट्टी आहे वर्षाला ६०० रुपये, दहा वर्षांपूर्वी ठरलेली. सगळ्यांनी भरली तरी १ लाख ८० हजार. भरतात शंभरातले साठ, म्हणून हातात येतात १ लाख ८ हजार. तूट २ लाख ८८ हजारांची. वर सांगितलेली घरपट्टीची सगळी सव्वादोन लाखांची वसुली या एका खड्ड्यात गेली, तरी ६३ हजार कमीच. मग दिवाबत्ती, गटारं, सफाई हे कशातून करणार?

जलजीवन मिशन २०१९ मध्ये सुरू झालं आणि माणशी रोज ५५ लिटर पाणी घरात नळानं द्यायचं ठरलं. नवी टाकी उभी राहिली की आपण नारळ फोडतो. पण योजना पंचायतीच्या ताब्यात येते तेव्हा तिचं वीजबिल आणि दुरुस्तीही सोबत येते. ताबा घेण्याआधी वर्षाचा चालवण्याचा खर्च काढा आणि तो ग्रामसभेपुढे ठेवा. पाणीपट्टी वाढवायची असेल तर "शासनाचा आदेश आहे" असं सांगू नका. वरचं गणित फळ्यावर लिहा. आमच्याकडे बायकांनीच पट्टी वाढवायला होकार दिला. एका आजी उठून म्हणाल्या, "महिन्याला पन्नास रुपये जास्त घ्या, पण पाणी सकाळी सातच्या आत येऊ द्या." ती अट आम्ही ठरावात जशीच्या तशी लिहून घेतली.

पाण्याचा पैसा वेगळ्या खात्यात ठेवायचा असतो. तो उसना घेऊन गटार बांधलं की मोटार जळेल त्या दिवशी वर्गणी काढायची वेळ येते.

अनुदानाला आपलं उत्पन्न समजणं

पंधराव्या वित्त आयोगाचा काळ २०२०-२१ ते २०२५-२६. त्यात २०२१-२२ पासून निधीचा ६० टक्के भाग बंधित, म्हणजे ठरलेल्या कामालाच वापरायचा होता, निम्मा पिण्याच्या पाण्याला आणि निम्मा स्वच्छतेला. उरलेला ४० टक्के अबंधित. सोळाव्या आयोगाचा काळ १ एप्रिल २०२६ पासून धरला जातो. आयोग बदलला की अटी बदलू शकतात, म्हणून जुन्या वर्षाचा विकासकामांचा आराखडा उचलून नव्या वर्षात चिकटवू नका. आधी नवं परिपत्रक वाचा.

दुसरी चूक आराखड्यातल्या शब्दांची. "अंतर्गत रस्ता काँक्रीटीकरण" एवढंच लिहिलेलं काम कुठेही करता येतं आणि कुणाच्या दारापुढे करायचं यावर वर्षभर वाद चालतो. "मारुती मंदिर ते जिल्हा परिषद शाळा, लांबी १२० मीटर" असं लिहिलेलं काम दुसरीकडे हलवायचं तर पुन्हा ठराव लागतो.

चुकीच्या सभेला जाणं

ग्रामसभेला गर्दी होते ती १५ ऑगस्टला आणि २६ जानेवारीला. लोक रस्त्याबद्दल पोटतिडकीनं बोलतात. पण पुढच्या वर्षाचा विकास आराखडा साधारण २ ऑक्टोबर ते डिसेंबरअखेर तयार होतो आणि अंदाजपत्रक जानेवारीत पंचायतीच्या सभेपुढे येऊन तिथून पंचायत समितीकडे जातं. २६ जानेवारीला मागितलेला रस्ता म्हणून वर्षभर मागे पडतो. काम मागायचं असेल तर ऑक्टोबरात मागा, तेही लेखी.

एप्रिल-मेमधल्या पहिल्या ग्रामसभेचं महत्त्व तर बहुतेकांना माहीतच नसतं. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम ८ प्रमाणे मागच्या वर्षाचा जमाखर्च, प्रशासन अहवाल आणि लेखापरीक्षणाची टिपणी तिथे ठेवायची असते. १ मेच्या उन्हात वीस माणसं येतात आणि अर्ध्या तासात सगळं "सर्वानुमते मंजूर" होतं. गणपूर्तीला १५ टक्के किंवा १०० मतदार, यातला कमी असेल तो आकडा लागतो. तेवढे नसले की सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. त्यामुळे "आम्ही गेलोच नाही, म्हणजे ठराव झाला नाही" असं धरून घरी बसलेल्यांची फसगत होते.

सभेला गेलात तर ठराव लिहायची प्रोसिडिंग वही तिथेच वाचून घ्या. ठरावाखाली कोऱ्या ओळी सुटलेल्या असतील तर तिथेच काट मारायला सांगा. आमच्या एका सभेत हे सांगितलं म्हणून मला पुष्कळ बोलणी खावी लागली, पण तेव्हापासून काट मारायची पद्धत पडली.

राखीव रक्कम मार्चमध्ये आठवणं

पंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातून मागासवर्गीयांसाठी १५ टक्के, महिला व बालकल्याणासाठी १० टक्के आणि दिव्यांगांसाठी ५ टक्के खर्च करायचा असतो. पाच लाख उत्पन्न असेल तर ७५ हजार, ५० हजार आणि २५ हजार. ही तरतूद दरवर्षी लिहिली जाते आणि फेब्रुवारीपर्यंत तशीच राहते. मग घाईत खुर्च्या, सतरंज्या, भांडी येतात. दिव्यांगांची यादी एप्रिलमध्येच करा. नावं गावाला पाठ असतात, यादीला दोन तास पुरतात. कुणाला काय हवं ते त्यांना विचारा. आमच्या यादीतल्या एका तरुणाला तीनचाकी सायकल देऊ केली होती. त्याला हवी होती घराच्या पायऱ्यांजागी उतरण, ती सिमेंटच्या सहा पोत्यांत झाली.

काही बिनसलं तर कुठे शोधायचं

पगार थकला, तर वसुलीचे आणि जमेचे आकडे शेजारी ठेवून बघा. काम कागदावर झालं आणि जागेवर नाही असं वाटलं, तर ई-ग्रामस्वराज पोर्टलवर वर्ष आणि पंचायत निवडा. वित्त आयोगाच्या आराखड्यातली कामं आणि झालेला खर्च कुणालाही दिसतो. ती नोंद मोबाइलवर उघडून जागेवर उभे राहा. एखाद्या बाबीवर तरतुदीपेक्षा जास्त खर्च दिसला, तर पुनर्विनियोजनाचा, म्हणजे एका बाबीचे पैसे दुसरीकडे वळवल्याचा, नमुना २ मागा. तो भरलेला नसेल तर लेखापरीक्षणात आक्षेप येतो आणि वसुली सरपंच व ग्रामसेवकांवर निघू शकते. पंचायतीनं कागद दाखवले नाहीत, तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज करा, आणि तक्रार गटविकास अधिकाऱ्यांकडे लेखी द्या.

वसुलीच होत नसेल तर आधी सदस्यांची बाकी बघा. मागणीचं बिल दिल्यापासून तीन महिन्यांत कर न भरणारा सदस्य कलम १४ खाली अपात्र ठरू शकतो. सदस्यांनी एप्रिलमध्ये पट्टी भरून पावत्या पंचायतीच्या फळ्यावर लावल्या की दारोदार जाताना मान वर राहते. ३० सप्टेंबरच्या आत भरणाऱ्याला ५ टक्के सूट आहे, हे दवंडी देऊन सांगा. छत्रपती संभाजीनगरजवळच्या पाटोदा गावानं याच्याही पुढे जाऊन सगळे कर भरणाऱ्या कुटुंबाला दळण मोफत करून दिलं. गिरणी बघायला आम्ही गेलो होतो. परत आल्यावर आमच्या गावाला गिरणी परवडणार नाही हे कळलं, म्हणून आम्ही पिण्याच्या शुद्ध पाण्याचं कार्ड दिलं. त्या वर्षी पाणीवाल्याचा पगार मार्चपर्यंत दर महिन्याच्या पाच तारखेला निघाला.