सरकारी दवाखान्यातल्या स्टाफचं बरं चाललंय का, हे मोजायचं कसं

गुगल फॉर्म पाठवायची घाई करू नका. आधी ठरवा की उत्तरं आल्यावर नेमकं काय बदलणं तुमच्या हातात आहे. रोस्टर, रजा, की रात्रपाळीवाल्यांना टेकायला जागा? नुसतं विचारून ठेवलं आणि पुढे काहीच केलं नाही तर पुढच्या वेळी कोणी फॉर्म उघडतसुद्धा नाही.

प्रश्न स्वतः तयार करत बसू नका. माणसाला मनाने किती बरं वाटतंय हे मोजणारी डब्ल्यूएचओ-५ नावाची छोटी प्रश्नावली आहे, मागच्या दोन आठवड्यांबद्दल फक्त ५ वाक्यं, प्रत्येकाला ० ते ५ मार्क, बेरीज करून ४ ने गुणायचं म्हणजे १०० पैकी आकडा मिळतो. ५० किंवा खाली आला तर लक्ष द्यायलाच हवं, पण ते निदान नाही हं, कुणाला डिप्रेशन आहे असा शिक्का मारू नका.

बर्नआउट, म्हणजे कामाने माणूस पार थकून जाणं, ते मोजायला मास्लाकची २२ प्रश्नांची प्रश्नावली प्रसिद्ध आहे पण तिला लायसन्स फी लागते, म्हणून मी कोपनहेगनची १९ प्रश्नांची सुचवेन, ती फुकट आहे आणि तिचे तीन भाग आहेत: एकूण थकवा, कामामुळे आलेला, आणि पेशंटमुळे आलेला. हे वेगळं कळणं फार मोलाचं आहे. समजा पेशंटमुळे आलेल्या थकव्याचा आकडा कमी आणि कामामुळे आलेल्याचा जास्त आला, तर नर्सना पेशंटशी बोलायचं ट्रेनिंग देऊन काय होणार, तिथे माणसं कमी आहेत किंवा ड्युटी चुकीच्या लागतायत.

आता सगळ्यात नाजूक गोष्ट, नाव. फॉर्मवर नाव नाही म्हणून तो निनावी होत नाही. वॉर्ड, पद, वय, किती वर्षं नोकरी एवढं विचारलं की सहा जणांच्या वॉर्डात कोणी काय लिहिलं ते इन्चार्जला लगेच कळतं. म्हणून कमीत कमी माहिती विचारा आणि १० पेक्षा कमी उत्तरं असलेल्या गटाचा निकाल वेगळा दाखवूच नका, शेजारच्या वॉर्डात मिसळा. सफाईवाले, सिक्युरिटी, लॅब, कंत्राटी सगळे घ्या, ज्यांच्याकडे ईमेल नाही त्यांना कागद आणि बंद पेटी द्या, आणि फॉर्म ड्युटीच्या वेळात भरू द्या.

सोबत मस्टरही बघा. आजारपणाच्या रजा, रद्द झालेले ऑफ, डबल ड्युटी, बदलीचे अर्ज, राजीनामे. पण रजा कमी दिसल्या म्हणजे सगळं छान असं समजू नका, कधीकधी रजा मिळतच नाही म्हणून लोक तापातही कामावर येतात.

दरवर्षी त्याच महिन्यात मोजा, नाहीतर साथीच्या दिवसांतला आकडा शांत महिन्यातल्या आकड्याशी ताडून पाहाल. इंग्लंडच्या एनएचएसमध्ये, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत, २००३ पासून दरवर्षी असा सर्व्हे होतो आणि हॉस्पिटलनुसार निकाल सगळ्यांना बघता येतात. तुम्हीही महिन्याभरात निकाल बोर्डावर लावा, वाईट असला तरी लावा, आणि खाली काय बदलणार, कोण बदलणार, कधीपर्यंत ते लिहा. फॉर्मच्या शेवटी हेल्पलाइनचा नंबर मात्र विसरू नका, कारण उत्तरं निनावी असल्यामुळे खूप खचलेल्या माणसाला तुम्ही नंतर शोधून काढू शकणार नाही.