रेडवूडच्या जंगलात केबिन की आरव्ही?

उत्तर कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यालगत रेडवूडच्या जंगलात आई-बाबांना घेऊन मुक्कामाला जाणार असाल, तर आरव्ही, म्हणजे राहायची सोय असलेली मोठी गाडी, नेण्यापेक्षा केबिनच घ्या. तिथल्या जेडेडाया स्मिथ किंवा एल्क प्रेअरी या कॅम्पग्राउंडच्या केबिनमध्ये दिवे आणि हीटर असतो. अंथरूण-पांघरूण मात्र आपलं न्यायचं, स्वयंपाक आणि बाथरूम बाहेर. बुकिंग ६ महिने आधी उघडतं, उन्हाळ्याच्या तारखा लगेच संपतात. आरव्ही न्यायचीच असेल तर लांबीची मर्यादा आधी बघा. वीज-पाण्याची जोडणी नाही, तेव्हा टाकी भरूनच निघा. जुलैतही दाट धुकं उतरतं, फांद्यांवरून पाणी टपटपत राहतं, स्वेटर हवाच. आणि चिवडा, लाडू, अगदी टूथपेस्टसुद्धा रात्री अस्वलांना उघडता न येणाऱ्या लोखंडी पेटीतच ठेवा, उशाशी अजिबात नको.