यंदा दसरा 20 ऑक्टोबरला: झेंडूची लागवड उलटी मोजून करा

यंदा ज्येष्ठ अधिक महिना आल्यामुळे त्यानंतरचे सगळे सण पुढे गेले आहेत. 2025 मध्ये दसरा 2 ऑक्टोबरला होता, 2026 मध्ये तो 20 ऑक्टोबरला आहे. लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला. गेल्या वर्षीच्या सवयीने जुलैअखेर रोपे लावली, तर फुलांचा पहिला भर नेमका पितृपक्षात येईल आणि तेव्हा बाजारात उठाव नसतो.

म्हणून तारीख दसऱ्यापासून मागे मोजा. माल 17-18 ऑक्टोबरला तोडायचा आहे. लागवडीपासून भरात यायला झेंडूला साधारण 60 ते 65 दिवस लागतात, तेव्हा रोपे शेतात 13 ते 18 ऑगस्टच्या दरम्यान जायला हवीत. रोप तयार व्हायला 25 दिवस धरा, म्हणजे बी 20 जुलैच्या आसपास टाकावे. नर्सरीतून रोपे घेणार असाल तर तारीख आत्ताच सांगून ठेवा. सगळे क्षेत्र एकाच दिवशी लावू नका. आठ-दहा दिवसांच्या अंतराने दोन टप्पे केलेत, तर दुसरा टप्पा दिवाळीला ताजा राहतो. दसऱ्याच्या आदल्या दिवशी मुंबईच्या दादर किंवा पुण्याच्या गुलटेकडी फूलबाजारात गाड्यांची रांग लागली की भाव बसतो, तेव्हा हातात दुसरा तोडा असणे फार मोलाचे असते.

लागवडीनंतर साधारण 25-30 दिवसांनी शेंडा खुडा. बाजूच्या फांद्या फुटतात, झाड डेरेदार होते आणि फुलांची संख्या वाढते. शेंडा खुडल्याने फुले आठवडाभर मागे जातात, वरच्या हिशोबात ते धरले आहे. नत्राचा मारा मात्र टाळा, नाहीतर नुसता पाला माजतो.

खरी काळजी पावसाची. झेंडूच्या मुळांना साचलेले पाणी अजिबात सोसत नाही, त्यामुळे भारी जमिनीत गादीवाफ्यावरच लागवड करा आणि चर आधीच काढून ठेवा. शेणखतात ट्रायकोडर्मा ही उपयुक्त बुरशी मिसळून टाकली तर मर, म्हणजे झाडे वाळून जाण्याचा रोग, कमी होते. ढगाळ हवेत पानांवर करप्याचे ठिपके दिसताच मॅन्कोझेब हे बुरशीनाशक 25 ग्रॅम 10 लिटर पाण्यातून फवारा. लेबल वाचा, आणि तोडणीच्या तोंडावर फवारणी नको. ही फुले देवाला जातात, लहान मुलेही ती हाताळतात. पाऊस उघडून ऊन तापले की लाल कोळी ही बारीक रस शोषणारी कीड येते, तेव्हा पानाची खालची बाजू बघायची सवय ठेवा.

शेवंतीचे गणित वेगळे आहे. ती लागवडीच्या तारखेपेक्षा दिवस लहान होण्यावर फुलते, त्यामुळे सण उशिरा आलेले वर्ष तिला मानवते. ज्यांच्याकडे शेवंती उभी आहे, त्यांनी यंदा ती नीट सांभाळावी.

तोडणी सकाळी दव उडाल्यावर किंवा संध्याकाळी करा. ओली फुले क्रेटमध्ये भरली तर आतून गरम होऊन काळी पडतात. परतीच्या पावसात सापडलात तर माल आधी सावलीत पातळ पसरून सुकवा. तीन-चार दिवसांनी तोडा चालू ठेवा, सुकलेली फुले झाडावर राहू देऊ नका, म्हणजे तीच झाडे दिवाळीपर्यंत चालतील. पुढे त्या रानात टोमॅटो घेणार असाल तर आणखी एक फायदा आहे: झेंडूच्या मुळांमुळे सूत्रकृमी, म्हणजे मुळांना त्रास देणारे सूक्ष्म कृमी, कमी होतात.