आरसिंक चालवताना स्लॅश आणि डिलीट यांकडे लक्ष

एका संगणकावरील फोल्डरची तंतोतंत प्रत दुसऱ्या संगणकावर राखायची असेल, तर टर्मिनलमधील आरसिंक ही आज्ञा पुरेशी आहे. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी ती १९९६ मध्ये प्रसिद्ध केली. फाइलचा आकार आणि शेवटच्या बदलाची वेळ दोन्हीकडे सारखी असेल, तर आरसिंक ती फाइल वगळते आणि बदललेल्या फाइलचेही शक्यतो बदललेले तुकडेच नेटवर्कवरून पाठवते; त्यामुळे पहिली फेरी रेंगाळली तरी पुढच्या झटपट उरकतात.

आज्ञेत आधी पर्याय, मग मूळ फोल्डर आणि शेवटी मुक्कामाचा फोल्डर लिहावा. दुसऱ्या संगणकाचा पत्ता वापरकर्त्याचे नाव, ॲट, संगणकाचे नाव, कोलन आणि फोल्डरचा मार्ग असा सलग लिहितात. जोडणी एसएसएचमधून, म्हणजे दुसऱ्या संगणकाशी सुरक्षितपणे जोडणाऱ्या मार्गाने होते, मात्र आरसिंक दोन्हीकडे असावे लागते. 'हायफन ए' हा पर्याय उपफोल्डर, परवानग्या आणि वेळा जपतो, म्हणून तो नेहमीच द्यावा.

खरी मेख मूळ फोल्डरच्या नावाच्या शेवटी येणाऱ्या स्लॅशमध्ये (/) आहे. 'फोटो' हा फोल्डर 'बॅकअप'मध्ये पाठवताना स्लॅश नसेल, तर बॅकअपच्या आत फोटो नावाचा फोल्डर तयार होतो. स्लॅश असेल, तर फोटोमधील फाइली थेट बॅकअपमध्ये उतरतात. टॅब दाबून नाव पूर्ण केले की बॅश, म्हणजे टर्मिनलमध्ये आज्ञा स्वीकारणारी प्रणाली, हा स्लॅश आपणहून जोडते, आणि तो सहसा नजरेतून निसटतो. एरवी यातून थोडा पसाराच होतो. पण 'डिलीट' पर्याय सोबत असेल, तर फोटोमध्ये नसलेली बॅकअपमधील प्रत्येक गोष्ट, मग ती हिशेबाची वही असो वा प्रबंधाचा मसुदा, विचारणा न करता पुसली जाते.

म्हणून 'डिलीट' वापरण्यापूर्वी तीच आज्ञा 'हायफन एव्हीएन' देऊन चालवावी. त्यातील 'एन'मुळे प्रत्यक्षात काहीच बदलत नाही, फक्त यादी दिसते. तिच्यातील 'डिलीटिंग'ने सुरू होणाऱ्या ओळी एकेक करून वाचाव्यात. शिवाय 'बॅकअप' आणि 'बॅकअप-डिर' हे पर्याय दिल्यास पुसल्या जाणाऱ्या व बदलल्या जाणाऱ्या जुन्या फाइली वेगळ्या फोल्डरमध्ये जमा होतात. तो फोल्डर मुक्कामाच्या फोल्डरबाहेर ठेवावा, नाहीतर पुढच्या फेरीत 'डिलीट' त्यालाच गिळू शकते.

आरसिंकचा प्रवास एकाच दिशेचा असतो. दोन्ही संगणकांवर फाइली बदलत असतील, तर आरसिंक आलटूनपालटून चालवत बसण्यापेक्षा दोन्ही दिशांचे बदल जुळवणारे युनिसन वापरावे.