राजकीय वादात मत आणि वस्तुस्थिती यांची गल्लत: या चुका टाळा

२०१९ ची विधानसभा भाजपसोबत लढवून शिवसेनेने निकालानंतर मुख्यमंत्रिपदावरून त्यांची साथ सोडली, तो महाराष्ट्राचा सत्तासंघर्ष आमच्या घरी अजून संपलेला नाही. दिवाळीत फराळाला बसलं की काका म्हणतात, "जनादेशाचा अपमान झाला." मामा म्हणतात, "दिलेला शब्द मोडला." मग दोघंही एकमेकांकडे पुरावा मागतात आणि गाडी तिथेच अडते.

पहिली चूक काकांची. भाजपचे १०५ आणि शिवसेनेचे ५६ मिळून १६१ आमदार, बहुमताला हवेत १४५, आणि दोघे युती करून लढले. ही वस्तुस्थिती. त्यावरून काढलेला 'अपमान' हे मत. लोकांनी मतदान केलं ते पक्षाला, युतीला की उमेदवाराला, यावर ते ठरतं. इथे पुरावा मागून उपयोग नाही, कारणं विचारा.

मामांच्या वाक्याचं उलट होतं, आणि मला ही चूक जास्त घातक वाटते. "अडीच-अडीच वर्षं मुख्यमंत्रिपद ठरलं होतं" हे ऐकून बाकीचे "ज्याचं त्याचं मत" म्हणत विषय मिटवतात. अहो, हे मत नाहीच! बंद दाराआड तसा शब्द एक तर दिला गेला किंवा दिला गेला नाही. उद्धव ठाकरे हो म्हणतात, अमित शहा नाही म्हणतात. म्हणजे हा सिद्ध न झालेला दावा आहे. कोण काय म्हणतं ते नावानिशी सांगा आणि तिथेच थांबा.

विशेषणांकडेही लक्ष ठेवा. २३ नोव्हेंबर २०१९ चा फडणवीस-अजित पवारांचा 'पहाटेचा शपथविधी' सगळ्यांच्या तोंडी आहे. पहाटे ५:४७ ला उठली ती राष्ट्रपती राजवट. शपथ झाली आठच्या सुमारास. 'पहाटे' या शब्दात घाईचा, लपवाछपवीचा आरोप आधीच बसलेला असतो. आरोप करायचा तर उघड करा, घड्याळाच्या आड नको.

कोर्टाचा निकाल अर्धाच वाचणं ही तर रोजची चूक. पुढे उद्धव ठाकरे मुख्यमंत्री झाले आणि २०२२ मध्ये शिवसेनेतल्या बंडानंतर त्यांचं सरकार गेलं. त्यावर ११ मे २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की राज्यपालांनी तेव्हा बहुमत चाचणी बोलावणं समर्थनीय नव्हतं. त्याच निकालात असंही म्हटलं की ठाकरेंनी चाचणीला सामोरं न जाता राजीनामा दिल्यामुळे त्यांचं सरकार परत आणता येणार नाही. मामांच्या फोनमध्ये पहिलं वाक्य आहे, काकांच्या फोनमध्ये दुसरं. यंदा मी दोन्ही एकाच कागदावर छापून चिवड्याच्या डब्याशेजारी ठेवणार आहे.