खाजेवरून आजार ठरवताना या चुका टाळा

त्वचेवर काही उमटलं की घरात पहिला प्रश्न येतो, "खाजतंय का?" प्रश्न योग्यच आहे, डॉक्टरही तोच विचारतात. गडबड होते ती उत्तराचा अर्थ लावताना. खाजत नाही म्हणजे काळजी नाही आणि खाजतंय म्हणजे ॲलर्जी, असं आपण धरून चालतो. खाजेवरून आजार कोणता असेल याचा अंदाज येतो. तो किती गंभीर आहे हे मात्र कळत नाही.

खाज नाही म्हणून चट्टा सोडून देणे

सगळ्यात महागात पडते ती हीच चूक, असं माझं ठाम मत आहे. कुष्ठरोगाचा फिकट किंवा लालसर चट्टा सहसा खाजत नाही, दुखत नाही. उलट तिथली संवेदना कमी झालेली असते. चट्ट्यावर कापूस हलकेच टेकवला आणि तो जाणवला नाही, तर डॉक्टरांकडे जायलाच हवं. 6 किंवा 12 महिन्यांच्या औषधांनी हा रोग बरा होतो. पण उशीर झाला तर नसांची हानी अनेकदा भरून येत नाही. कोडही बहुधा खाजत नाही, मात्र त्या डागावर स्पर्श नीट कळतो आणि कोड संसर्गाने पसरत नाही. या दोन्हींची गल्लत करून कुणाला दूर लोटू नका.

सिफिलिस या लैंगिक संबंधांतून पसरणाऱ्या आजाराच्या दुसऱ्या टप्प्यातलं पुरळ तळहात-तळपायांवरही येतं आणि सहसा खाजत नाही. काही आठवड्यांत ते आपोआप मावळतं, माणूस निर्धास्त होतो, आजार मात्र शरीरात तसाच राहतो. त्वचेखाली रक्त झिरपून उठलेले लाल-जांभळे ठिपकेही बहुधा खाजत नाहीत. त्यांवर काचेचा पेला दाबून पाहा. ठिपके फिके पडले नाहीत आणि सोबत ताप असेल, तर तडक रुग्णालय गाठा.

पुरळ दिसत नाही म्हणून खाज खोटी मानणे

अंगावर काही दिसत नाही आणि खाज तर थांबत नाही, अशा माणसाला "तुझ्या मनातच आहे" असं ऐकावं लागतं. हा त्याच्यावर अन्याय आहे. पुष्कळदा कारण साधं असतं, ते म्हणजे कोरडी त्वचा, विशेषतः उतारवयात. कोमट पाण्याने झटपट अंघोळ, साबण बेताचा आणि अंग ओलसर असतानाच मॉइश्चरायझर, एवढ्याने बराच फरक पडतो.

तरीही खाज 6 आठवड्यांच्या पुढे गेली, तर रक्ततपासणी करून घ्यावी. यकृतातून पित्ताचा प्रवाह अडला की तळहात-तळपाय खाजतात, रात्री जास्त, आणि कधी कधी डोळे पिवळे होण्याच्या आधीच. मूत्रपिंडाचा जुना आजार, थायरॉईडचा बिघाड, लोहाची कमतरता, काही औषधं यांनीही खाज सुटते. पॉलिसिथेमिया व्हेरा या रक्ताच्या आजारात ती अंघोळीनंतर उसळते. खाजेच्या जोडीला रात्री कपडे भिजवणारा घाम, घटणारं वजन किंवा मानेत-काखेत गाठी असतील, तर डॉक्टर लिम्फोमाची, म्हणजे लसिका ग्रंथींच्या कर्करोगाची शक्यता तपासतात.

गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत तळहात-तळपाय खाजू लागले, तर "या दिवसांत होतंच" म्हणून थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. ही खाज पित्ताचा प्रवाह अडल्याची खूण असू शकते, आणि पित्तातली आम्लं रक्तात फार वाढली तर बाळाच्या जिवाला धोका असतो.

याची उलट बाजूही लक्षात ठेवा. प्रत्येक काविळीत खाज येत नाही. लाल पेशी फुटल्यामुळे होणाऱ्या काविळीत ती सहसा नसते, गिल्बर्ट सिंड्रोम या जन्मजात, निरुपद्रवी सौम्य काविळीतही नसते.

प्रत्येक खाजेवर ॲलर्जीची गोळी

ही गोळी हिस्टामिनला, म्हणजे ॲलर्जीत खाज आणणाऱ्या शरीरातल्या रसायनाला अडवते. अंगावर पित्त उठून गांधी आल्या असतील, तर ती चांगली लागू पडते. यकृत, मूत्रपिंड किंवा दबलेली नस यांतून आलेल्या खाजेवर तिचा फारसा उपयोग होत नाही. काही गोळ्यांनी गुंगी तेवढी येते. गांधींसोबत ओठ-जीभ सुजली किंवा श्वास लागला, तर गोळीच्या परिणामाची वाट पाहण्यात वेळ घालवू नका, तातडीची मदत बोलवा.

नायट्यावर स्टेरॉईडचं मलम

खाज दोन दिवसांत थांबते आणि बुरशी मात्र आतून पसरत राहते. कडा पुसट होतात, नायटा ओळखू येईनासा होतो. आधी निदान करून घ्या, मगच मलम लावा.

खरजेचा उपचार एकट्यानेच घेणे

बोटांच्या बेचक्या, मनगटं, कंबर इथे रात्री वाढणारी खाज आणि घरात आणखी कुणी खाजवत असेल, तर खरजेची शंका घ्या. ती त्वचेत शिरणाऱ्या बारीक किड्यांमुळे होते. पहिल्यांदा लागण झाल्यावर खाज सुरू व्हायला 4 ते 6 आठवडेही लागतात. म्हणजे आज ज्याला काहीच होत नाही, त्याच्या अंगावरही किडे असू शकतात. म्हणून घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी उपचार घ्यायचा. 5 टक्के परमेथ्रिन हे किडे मारणारं मलम मानेपासून तळव्यांपर्यंत, नखांच्या कडांनाही लावून 8 ते 14 तास ठेवायचं आणि साधारण आठवड्याने पुन्हा लावायचं. तान्ह्या बाळांसाठी डॉक्टरांना विचारूनच. कपडे, चादरी त्याच दिवशी गरम पाण्यात धुवाव्यात.

किडे मेल्यावरही 2 ते 4 आठवडे खाज राहू शकते. औषध लागू पडलं नाही असं समजून ते रोज लावत बसू नका, त्याने त्वचा आणखी चिडते. नवे फोड येत असतील किंवा महिन्यानंतरही खाज टिकली, तर पुन्हा दाखवा.