जुन्या इंग्लिश हॉस्पिटलची हिशोबवही कशी वाचायची

सगळ्यात आधी डोक्यातनं नफा-तोटा काढून टाका. लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू हॉस्पिटलच्या वह्या १५४७ पासूनच्या आहेत, आणि त्या पहिल्यांदा बघणारा माणूस हमखास जमेतून खर्च वजा करतो आणि म्हणतो हॉस्पिटलकडे एवढे शिल्लक. तसं नसतं ते. वही हॉस्पिटलची असली तरी हिशोब एका माणसाचा आहे, खजिनदाराचा. त्याच्या अंगावर किती रक्कम टाकली होती आणि त्यातली किती त्याने नीट मार्गी लावली, एवढंच त्यात बघायचं असतं. म्हणून न मिळालेलं भाडंसुद्धा जमेला धरतात आणि पुढे थकबाकी म्हणून दुसऱ्या बाजूला दाखवतात, ती ओळ नजरेतून सुटली की तुमचा उत्पन्नाचा आकडा उगाच फुगला.

तेव्हाच्या पैशाचं गणित सोपंय, १ पौंड म्हणजे २० शिलिंग, १ शिलिंग म्हणजे १२ पेन्स. मार्क दिसला तर दचकू नका, त्याचं नाणं नव्हतंच, नुसतं मोजमाप होतं १३ शिलिंग ४ पेन्सचं, म्हणजे १६० पेन्सचं. राजा आठव्या हेन्रीने हे हॉस्पिटल शहराच्या हवाली करताना वर्षाला ५०० मार्कांची तरतूद केली आणि तेवढीच शहराने घालायची ठरली, आता ५०० गुणिले १६० पेन्स करा, ३३३ पौंड ६ शिलिंग ८ पेन्स येतात. १०० गरीब रुग्णांची सोय यातून व्हायची होती. आकडे रोमन असतात, शेवटचा आय लांब शेपटीचा, आणि चारच्या डोक्यावर बारीक दोन एक्स असले तर ते चार विसा म्हणजे ८०.

तारखांना मात्र जपा. वर्ष २५ मार्चला बदलायचं, हे १७५२ पर्यंत चालू होतं. राजा पहिल्या चार्ल्सचा शिरच्छेद आपण ३० जानेवारी १६४९ म्हणतो, त्यांच्या कागदात ते १६४८ च.

आता खरी मेख, भाडेपट्टे. हॉस्पिटल मुख्यतः घरं-जमिनींच्या भाड्यावर जगायचं, आणि भाडं वर्षानुवर्षं तेच राहायचं कारण पट्टा देताना एकरकमी पैसे घ्यायचे, त्याला फाइन म्हणत. दंड नव्हे! आपल्या पागडीसारखं समजा. एखाद्या वर्षी जमा अचानक उसळलेली दिसली तर दानशूरपणा वाढला असं लगेच लिहू नका, आधी त्या वर्षी किती पट्टे नवे झाले ते मोजा. आणि पट्टा कुणाला गेला ते नाव गव्हर्नरांच्या, म्हणजे हॉस्पिटलचा कारभार बघणाऱ्यांच्या, यादीशी ताडून बघाच. मला हे काम फार महत्त्वाचं वाटतं, कारण गरिबांच्या नावाची मालमत्ता कोण स्वस्तात वापरत होतं का, ते इथेच कळतं. १६०१ च्या धर्मादाय कायद्यात अशा गैरवापराच्या चौकशीला कमिशन नेमायची सोय केली ती उगाच नाही.

गव्हर्नर म्हणजे शहरातले आल्डरमन (नगरपालिकेतले वरिष्ठ सभासद) नि व्यापारी, त्यांच्यातलाच अध्यक्ष, त्यांच्यातलाच खजिनदार. पगारी माणसं खाली, भाडं गोळा करणारा, कोठी सांभाळणारा, मेट्रन, सिस्टर्स. म्हणून हिशोबवही एकटी वाचू नका, शेजारी सभेची इतिवृत्तं उघडून ठेवा, वहीत नुसता आकडा असतो आणि तो कुणी का मंजूर केला ते इतिवृत्तात. लंडनच्या १६६६ च्या मोठ्या आगीनंतरची पानं तर अशीच वाचायची, हॉस्पिटलची इमारत वाचली पण भाड्याची घरं जळाली, मग वसुलीचं काय झालं ते दोन्हीकडून जुळवा.

अठराव्या शतकातली नवी हॉस्पिटलं, म्हणजे ब्रिस्टल किंवा विंचेस्टरची, वेगळी. तिथे वार्षिक वर्गणी, ठराविक रक्कम भरली की गव्हर्नर आणि रुग्णाची शिफारस करायचा हक्क. त्यांच्या वर्गणीदारांच्या छापील याद्या मिळाल्या तर लागोपाठच्या दोन वर्षांच्या शेजारी ठेवा आणि किती नावं गळली ती मोजा, पुढच्या वर्षी खाटा कमी का केल्या ते बऱ्याचदा तिथेच सापडतं.